तिखटाचे दार

आमच्या घरी गेल्या भाद्रपदात एक विलक्षण वाद झाला. आत्याबाईंना त्यापूर्वी दोन-अडीच महिने आधी नागीण होऊन गेली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी बहुतेक पूर्ववत झाली; परंतु उजव्या बरगडीखालची आग काही केल्या जाईना. पदराचा नुसता स्पर्श झाला तरी त्या कळवळत, आणि रात्री झोप म्हणून नसे. डॉक्टरांनी पोटात घेण्याच्या गोळ्यांबरोबर वरून लावण्यास एक मलम लिहून दिले. मलमाच्या खोक्यावरील बारीक अक्षरे आमच्या पुतणीने मोठ्याने वाचली आणि त्यातील मुख्य द्रव्य मिरचीचे असल्याचे साऱ्या माजघरास जाहीर केले. झाले! “अरे, जळत्या अंगाला मिरची चोळायला सांगणारा हा डॉक्टर की मागच्या जन्मीचा भाऊबंद?” असा आत्याबाईंचा सवाल, आणि घरातील निम्मी मंडळी त्यांच्या बाजूची.

त्या वादाचा निकाल लावण्याकरिता आम्ही जे वाचन केले, त्यातूनच ह्या महिन्याचा मजकूर निघाला आहे. मिरचीचा प्रश्न नागपूरकरास परका नाही. जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कळमन्याच्या बाजारात लाल मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या म्हणजे नुसते जवळून जाणाऱ्यासही ठसका लागतो. आणि सावजी रश्श्याची कीर्ती तर, ज्यांनी तो कधी चाखला नाही अशा आमच्यासारख्या घरांतूनही भीतियुक्त आदराने सांगितली जाते. आम्हांस तो पराक्रम साधला नसला तरी गोळाभातावर ओतलेल्या लाल मिरचीच्या फोडणीने डोळ्यांत पाणी येण्याचा अनुभव पिढीजात आहे.

प्रथम नागिणीविषयी दोन शब्द, कारण तिच्याविषयीचे अज्ञान प्रसंगी फार महागात पडते. लहानपणी कांजिण्या आल्या म्हणजे त्यांचे विषाणू शरीरातून समूळ जात नाहीत. पाठीच्या कण्यालगत ज्ञानतंतूंच्या ज्या गाठी असतात त्यांत ते वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात आणि उतारवयात, शक्ती क्षीण झाली असता, एखाद्या तंतूच्या वाटेने पुन्हा कातडीपर्यंत येतात. नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला, तोंड शेपटीस मिळाले, की माणूस दगावतो, अशी समजूत आमच्या आजीच्या पिढीत होती व आजही अनेक घरांत आहे. परंतु डाव्या व उजव्या अंगाचे तंतू निरनिराळे असल्यामुळे फोडांची रांग बहुधा मध्यरेषेपाशी येऊन थांबते. तिला विळखा घालण्यास वाटच नसते. खरा धोका निराळा आहे. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू करणे हिताचे असते; आणि नेमके तेच तीन दिवस गेरू लावण्यात व मंत्र घालण्यात जातात. आमच्या घरीही एक दिवस असाच गेला, हे कबूल केले पाहिजे. रोग बरा झाल्यावर मागे राहणारी आग ही त्या दुखावलेल्या तंतूची असते. कातडी बरी होते, तंतू होत नाही.

आता मिरची. गोड, आंबट, खारट, कडू ह्यांबरोबर तिखट ही एक चव म्हणून आपण षड्रसांत मोजतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती चव नव्हेच. जिभेवरील रुचिकलिकांशी तिखटाचा संबंध नाही. असता, तर मिरची चिरलेल्या हाताने डोळा चोळल्यावर डोळ्यास ‘चव’ कळली असती. तिखट म्हणजे शुद्ध वेदना होय, आणि तीही भाजल्याची. मिरचीतील हे द्रव्य १८७६ साली जॉन थ्रेश ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने वेगळे काढून त्यास कॅप्सायसिन हे नाव दिले. परंतु ते शरीराच्या कोणत्या ठिकाणी जाऊन बसते, हे कळण्यास पुढे सव्वाशे वर्षांच्या आसपास लागली.

ते कोडे अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथील विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९७ साली सोडविले. ह्या कामाची एक घरगुती हकिकत सांगतात. ज्युलियस एकदा बाजारात तिखट चटण्यांच्या बाटल्यांनी भरलेल्या फळीपुढे विचारमग्न उभे असता, त्यांच्या पत्नीने (त्याही त्याच विद्यापीठात शास्त्रज्ञ आहेत) त्यांस, मग आता कामाला लाग, असे बजावले. बाजारात नवऱ्यास रेंगाळू न देण्याचे फळ इतके मोठे असू शकते, हे वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावे. काम मात्र चिकाटीचे होते. उंदरांच्या वेदनावाही तंतूंतील जनुकांचे हजारो तुकडे त्यांनी, मिरचीची ओळख नसलेल्या पेशींत गटागटाने घातले आणि प्रत्येक गटावर कॅप्सायसिन टाकून कोणती पेशी दचकते ते पाहिले. गट फोडीत फोडीत शेवटी एकच जनुक हाती लागले. त्याच्या आधारे जे प्रथिन तयार होते ते पेशीच्या आवरणात बसविलेले एक दार असते. त्यास टीआरपीव्ही-१ असे रुक्ष नाव आहे. आम्ही त्यास तिखटाचे दार म्हणू.

प्रत्येक पेशीस स्निग्ध पदार्थाचा दुपदरी पडदा असतो. मीठ, चुना इत्यादिकांचे विद्युद्भारित कण ह्या तेलकट पडद्यातून जाऊ शकत नाहीत. त्यांना प्रथिनांच्या दारांतूनच जावे लागते. दार उघडले, कण आत घुसले, की तंतूत विजेची लहर उठते आणि मेंदूस निरोप जातो. तिखटाचे दार एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअस उष्णतेस उघडते. ‘भाजते आहे, हात काढ’ हा निरोप पाठविणे हेच त्याचे मूळ काम. मिरची ह्या पहारेकऱ्यास फसविते. ती दारात शिरली म्हणजे दार देहाच्या नेहमीच्या उष्णतेसही उघडते, आणि थंड ताकाबरोबर खाल्लेल्या ठेच्यानेही तोंडाला आग लागल्याचा निरोप जातो. मेंदू बिचारा आग विझविण्याच्या तयारीस लागतो; घाम, अश्रू, नाकाला पाणी, हे सारे त्याचेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या गावात लोक इतके तिखट का खातात, ह्याचे गूढ ह्या घामाने थोडे उकलत असेल. आमचा आग्रह नाही. आंबटानेही हेच दार सैल होते, म्हणून आंबट, ऊन आणि तिखट असा रस्सा तिपटीने झोंबतो. मिऱ्यातील व आल्यातील तिखटपणाही ह्याच दाराने आत येतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची आणण्यापूर्वीही आपले पूर्वज हेच दार ठोठावीत होते. फक्त जरा हलक्या हाताने. ठसका लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध, दही, तूप हाच खरा उतारा, आणि ह्या बाबतीत आपल्या पंगतीचे शास्त्र पक्के होते.

जुन्या वाड्यांतून पिंजऱ्यात पोपट असे तेव्हा (आता कायद्याने ते वर्ज्य आहे, आणि योग्यच आहे) तो हिरवीगार मिरची एखाद्या फळाप्रमाणे खाताना पाहून आम्हा मुलांस मोठा अचंबा वाटे. पक्ष्यांचे दार उष्णतेस उघडते, पण मिरचीस दाद देत नाही, असे २००२ साली कोंबडीच्या प्रथिनावरून दिसून आले. पक्षी बी न चावता गिळतात व दूर नेऊन टाकतात. दातांनी बी भरडणाऱ्या प्राण्यांस मिरची हाकलून लावते. माणूस मात्र ती तंबी मुद्दाम मागून घेतो.

दार आहे हे कळले. पण ते दिसते कसे? येथून खरी मौज सुरू होते. असल्या वस्तूंचे माप आंगस्ट्रॉममध्ये देतात. एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. आपल्या डोळ्यास दिसणाऱ्या प्रकाशाची लहरच चार ते सात हजार आंगस्ट्रॉम लांब, आणि सबंध दार दीडशे आंगस्ट्रॉमच्या आतबाहेर. घागरीतल्या मोहरीचा आकार रवीने चाचपून ओळखावा, तसा तो प्रकार. म्हणून प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरावा लागतो. पूर्वी असल्या प्रथिनांचे स्फटिक करून त्यांवरून क्ष-किरण पाठवीत; परंतु तेलकट पडद्यात राहणारी, सतत हलणारी ही प्रथिने एकसारख्या रांगेत बसून स्फटिक होण्यास सहसा तयार होत नाहीत. तिखटाचे दारही झाले नाही.

त्यावर उपाय असा. शुद्ध केलेले प्रथिन पाण्याच्या अत्यंत पातळ पापुद्र्यात ठेवावयाचे आणि तो पापुद्रा अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झपाट्याने बुडवावयाचा की पाण्यास बर्फाचे खडे होण्यासही अवसर मिळू नये. ते काचेसारखे थिजते, आणि प्रथिने ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत अडकून राहतात. मग इलेक्ट्रॉनांनी त्यांची चित्रे घ्यावयाची. झोत जोराचा ठेवला तर प्रथिन जळते, म्हणून तो मंद ठेवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक चित्र धुरकट येते. एका चित्रावरून काहीच बोध होत नाही. येथे आम्हांस आमच्या चितारओळीची आठवण होते. समजा, एकाच साच्यातून काढलेल्या हजारो गणेशमूर्ती अंधाऱ्या खोलीत कशाही पडल्या आहेत; कोणी पालथी, कोणी कुशीवर, कोणी डोक्यावर. कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात प्रत्येकीचे एकेक अंधुक चित्र काढले. आता सारख्या बाजूने पडलेल्यांची चित्रे एकावर एक ठेवली तर धुरकटपणा एकमेकांस खाऊन सोंड स्पष्ट होईल. आणि निरनिराळ्या बाजूंची अशी चित्रे जुळविली तर सबंध मूर्ती उभी राहील. हे जुळविण्याचे गणित योआखिम फ्रँक ह्यांनी, पाणी थिजविण्याची युक्ती झाक द्युबोशे ह्यांनी, आणि ह्या मार्गाने अणूअणूपर्यंत पोहोचता येते ही खात्री रिचर्ड हेंडरसन ह्यांनी दिली; तिघांस २०१७ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तिखटाच्या दाराची मूर्ती २०१३ च्या डिसेंबरात उभी राहिली. ज्युलियस ह्यांच्या जोडीस त्याच विद्यापीठातील यीफान चेंग होते, आणि इलेक्ट्रॉन थेट टिपणारी नवी यंत्रे नुकतीच हाती आली होती. चित्राची बारकाई ३.४ आंगस्ट्रॉम. सारखेच चार घटक एका मध्यबिंदूभोवती उभे आहेत, मध्ये कणांची वाट आहे, आणि त्या वाटेवर एक नव्हे तर दोन अडसर आहेत, एक बाहेरच्या बाजूस व एक आतल्या बाजूस, म्हणजे जुन्या वाड्यात दिंडीदरवाजा व माजघराचे दार असावे तसे. बंद आणि उघड्या अशा दोन्ही स्थितींतील चित्रे त्यांनी मिळविली. उघडे दार मिटू नये म्हणून त्यांनी पाचर काय वापरली असेल? एका मोठ्या कोळ्याचे विष, आणि मोरोक्कोतील शेर-निवडुंगाच्या कुळातील एका झाडाचा चीक, जो मिरचीच्या कित्येक पट जहाल असतो.

तथापि ह्या चित्रात एक उणीव होती. दार चित्रशाळेत नेण्याकरिता ते पडद्यातून साबणासारख्या द्रव्याने सोडवून घ्यावे लागले होते. भिंतीतून उपटलेली चौकट पाहून कारागिरी कळते. ती भिंतीत कशी बसली होती, चुन्याने तिला कोठे धरले होते, हे कळत नाही. ही उणीव २०१६ साली त्याच मंडळींनी भरून काढली. दाराबरोबर भोवतालच्या पडद्याची एक चकतीच घेतली आणि ती विस्कटू नये म्हणून तिच्या कडेने प्रथिनाचा पट्टा आवळला. बांगडीत धरलेला तुपाचा तवंग म्हणा. ह्यास नॅनोडिस्क म्हणतात. आणि मग दिसले ते कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते. मिरची दाराच्या ज्या खोबणीत जाऊन बसते, ती खोबण एरवी रिकामी नसते! पडद्यातलाच एक स्निग्ध रेणू तेथे ठाण मांडून बसलेला असतो आणि दार मिटलेले राहते ते त्याच्यामुळे. मिरची आली की ती त्यास उठवून त्याच्या जागी बसते, आणि मग दार सैल होते. ज्या पडद्यास आपण नुसती भिंत समजत होतो, तो स्वतःच दाराची कडी धरून बसला होता. आम्हांस ह्या साऱ्या शोधात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. भिंतीसकट पाहिले नसते तर ती कधी दिसली नसती. ज्युलियस ह्यांस आर्डेम पटापुटियन ह्यांच्यासह २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

असले काम साता समुद्रांपलीकडेच होते अशी कोणाची समजूत होऊ नये. पुण्यास विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथे जनेश कुमार व त्यांचे सहकारी ह्यांनी मेंदूतील अशाच एका दाराची, ग्लूडी-१ ची, घडण ह्याच थिजविण्याच्या पद्धतीने उकलून २०२० साली प्रसिद्ध केली. मेंदूत पेशीकडून पेशीकडे निरोप नेणारे सर्वांत मोठे द्रव्य ग्लुटामेट होय. ह्या कुळातील बहुतेक दारे त्याच्या हाकेस उघडतात, ग्लूडी-१ मात्र त्यास ओ देत नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्यास पोरके म्हणत आले. पुण्याच्या चित्रांत असे दिसले की, भावंडांमध्ये चार घटक मधल्या मजल्यावर जोडीदार बदलून, फुगडीत हात ओलांडावेत तसे एकमेकांत गुंतलेले असतात. ह्या पोरक्याच्या घरात मात्र ज्याने त्याने आपापल्या जोडीदाराचाच हात धरलेला आहे. चित्राची बारकाई तिखटाच्या दाराइतकी नाही. तरी ज्याची घडणच ठाऊक नव्हती त्याचा आराखडा प्रथम पुण्यात हाती आला, ह्याचे कौतुक आपल्या वर्तमानपत्रांतून जितके व्हावयास हवे होते तितके झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

इतके सारे आम्ही आत्याबाईंना दोन रात्री बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग एवढे दार दिसले आहे, तर त्याला कायमचे कुलूप का नाही ठोकत?”

हा प्रश्न औषधांच्या कंपन्यांसही सुचला होता, आणि दाराचे चित्र मिळण्याच्या आधीच. दार बंद करणारी द्रव्ये त्यांनी तयार केली व माणसांस देऊन पाहिली. एका द्रव्याची हकिकत २००८ साली प्रसिद्ध झाली. ते घेतलेल्या काही माणसांस ताप चढून ४० अंशांवर गेला व लवकर उतरेना. तिखटाचे दार नुसते जिभेवर व कातडीवर पहारा करीत नाही. देहाची उष्णता योग्य राखण्याच्या कामातही त्याचा हात असतो. ते मिटले की शरीरास आपण थंड पडलो असे वाटते आणि ते तापू लागते. दुसऱ्या एका द्रव्याने लोकांस कढत पाण्याचे कढतपण वेळेवर कळेनासे झाले. स्वयंपाकघरात ह्याचा अर्थ काय होईल, हे वाचकभगिनींस आम्ही सांगावयास नको. आता चित्रे हाती असल्यामुळे, उष्णतेचा पहारा न मोडता केवळ आजारी तंतूची ओरड थांबेल अशी चावी घडविता येईल काय, ह्याचा शोध चालू आहे.

मलमाची रीत ह्याच्या अगदी उलट आहे. ते दार बंद करीत नाही, उघडेच ठेवते. इतका वेळ, इतक्या वेळा, की अखेर त्या तंतूची टोकेच थकून निकामी होतात आणि निरोप पाठविणे सोडून देतात. मिरचीच्या सततच्या माऱ्याने वेदनेची जाणीव बोथट होते हे हंगेरीतील यांचो ह्या शास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या दशकातच ओळखले होते. टोके काही काळाने पुन्हा उगवतात, म्हणून लेप चालू ठेवावा लागतो. परदेशी ह्याच द्रव्याची आठ टक्क्यांची पट्टी २००९ पासून मान्य आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली तासभर लावली असता गुण आल्यास तीन महिने टिकतो. आपल्याकडील मलम पुष्कळच सौम्य. ते फोड पूर्ण बरे झालेल्या कातडीवरच, तेही डॉक्टरांनी सांगितले असेल तरच लावावयाचे. ओल्या फोडांवर मुळीच नव्हे. पहिले काही दिवस आग वाढते, आणि बहुतेक लोक तेथेच ते सोडून देतात. सर्वांस गुण येतो असेही नाही.

घरच्या घरी मिरची वाटून हा प्रयोग करू नये, हे लिहिताना आम्हांस भिवापूरकडील मिरचीच्या सातऱ्यांवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया आठवतात. त्यांच्या हातांना रात्री जी आग सुटते तिच्यावर कोणी पट्टी बांधीत नाही. आणि आपल्या डब्यातले तिखट त्या हातांखालून आलेले असते.

आत्याबाईंनी मलम सुरू केले ते पितृपक्ष संपल्यावर. पुतणीने रबरी हातमोजे आणून दिले. पहिला आठवडा त्यांनी डॉक्टरांचा, आमचा आणि ज्युलियस महाशयांचा एकत्रित उद्धार करीत काढला. तिसऱ्या आठवड्यात रात्री चार तास सलग झोप लागली. आग सर्वस्वी गेली नाही, पण आता पदराचा स्पर्श सोसतो. मलमाची नळी त्यांनी देवघराच्या कोनाड्यात नव्हे, तर तिखटमिठाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. तिची जागा तीच, असे त्यांचे म्हणणे.